महान विजेत्यांचा दोष त्यांच्या मोठेपणापासून वेगळा करता येतो का?

प्रश्न

फॉर्म्युला वन या मोटार शर्यत मालिकेच्या जुन्या शर्यती पाहताना मी मायकेल शूमाखरपाशी वारंवार अडखळतो. १९९४ मध्ये ॲडलेडला त्याची गाडी भिंतीवर आदळली, तरीही विजेतेपदासाठी झुंजणाऱ्या डेमन हिलला त्याने वाट दिली नाही. टकरीनंतर दोघेही बाद झाले आणि शूमाखर एका गुणाच्या फरकाने जगज्जेता ठरला. १९९७ मध्ये हेरेथला त्याने जाक व्हिलनव्हच्या अंगावर गाडी घातली, तेव्हा मात्र तो स्वतःच खडीत रुतला आणि त्या मोसमाच्या क्रमवारीतून त्याला अपात्र ठरवण्यात आले. याच माणसाने २००० मध्ये फेरारी संघाला चालकांचे विजेतेपद २१ वर्षांनंतर मिळवून दिले. त्याच्यातील ही आडदांड वृत्ती वजा केली असती, तर सात विजेतेपदे मिळवणारा शूमाखर उरला असता का?

प्रतिसाद १

माझ्या मते उरला नसता, आणि याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आयर्टन सेना हे आहे. १९९० मध्ये जपानमधील सुझुकाला पोल पोझिशन, म्हणजे शर्यत सुरू होतानाची सर्वांत पुढची जागा, त्याने मिळवली होती, परंतु ती जागा ट्रॅकच्या आतल्या, धूळ साचलेल्या बाजूला होती आणि दुसऱ्या क्रमांकावरील आलाँ प्रॉस्टला टायरला चांगली पकड देणारी बाजू मिळत होती. जागा बदलून देण्याची मागणी फेटाळली गेली, तेव्हा प्रॉस्ट पुढे निघाला तरी पहिल्या वळणावर आपण माघार घ्यायची नाही, असे सेनाने शर्यत सुरू होण्यापूर्वीच ठरवून टाकले. प्रॉस्ट खरोखरच पुढे निघाला, सेनाने आतून गाडी घुसवली, दोन्ही गाड्या धुळीचा लोट उडवत खडीत जाऊन थांबल्या आणि गुणांत आधीच पुढे असलेल्या सेनाकडे विजेतेपद गेले. हे जाणूनबुजून केल्याचे त्याने वर्षभराने उघडपणे मान्य केले. १९८९ मध्ये त्याच ट्रॅकवर प्रॉस्टशी टक्कर होऊनही जिंकलेली शर्यत त्याला अपात्र ठरवून काढून घेण्यात आली होती, आणि तो सल त्याच्या मनातून गेलेला नव्हता.

आता दुसरा प्रसंग पाहा. १९९२ मध्ये बेल्जियममधील स्पा ट्रॅकवर सरावात अपघात होऊन एरिक कोमास हा चालक गाडीतच बेशुद्ध पडला होता. सेनाने आपली गाडी थांबवली, इतर गाड्या येत असतानाही ट्रॅकवरून धावत जाऊन त्याच्या गाडीचे इंजिन बंद केले आणि त्याचे डोके धरून ठेवले. एकदा मनाने घेतले की परिणामांचा विचार न करता ते तडीस न्यायचे, हा एकच स्वभाव मला दोन्ही ठिकाणी दिसतो.

प्रतिसाद २

सेनाविषयीचे निरीक्षण मला पटते, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पटत नाही. निकी लाउडापेक्षा चिवट चालक दाखवता येणार नाही. १ ऑगस्ट १९७६ रोजी न्युर्बुर्गरिंगला तो जळत्या गाडीत होरपळला, विषारी धुरामुळे त्याची फुप्फुसे निकामी होत आली, आणि सहा आठवड्यांनी, डोक्यावरच्या जखमा भरल्या नसताना, तो मोंझाला चौथा आला. मात्र त्याच मोसमाच्या अखेरच्या शर्यतीत, फुजीच्या मुसळधार पावसात, त्याने दोन फेऱ्यांनंतर गाडी थांबवली. इंजिनात बिघाड झाल्याचे सांगता येईल, असे संघातून सुचवले गेले, पण ती पळवाट त्याने नाकारली आणि निर्णय स्वतःचाच असल्याचे सांगितले. त्यामुळे त्याचा प्रतिस्पर्धी जेम्स हंट एका गुणाने जगज्जेता झाला. लाउडाने त्यानंतर १९७७ आणि १९८४ मध्ये पुन्हा विजेतेपद मिळवले, म्हणजे थांबता येणे ही त्याची उणीव नक्कीच नव्हती.

प्रतिसाद ३

स्टर्लिंग मॉसचे नाव येथे यायलाच हवे. १९५८ मध्ये पोर्तुगालच्या शर्यतीत त्याचा विजेतेपदाचा प्रतिस्पर्धी माइक हॉथॉर्न याला अपात्र ठरवले जात असताना मॉसने स्वतः पंचांपुढे त्याची बाजू मांडली. हॉथॉर्नचे गुण वाचले आणि मोसमात चार शर्यती जिंकलेल्या मॉसला एकच शर्यत जिंकलेल्या हॉथॉर्नने एका गुणाने मागे टाकले. मॉस कधीच जगज्जेता झाला नाही. त्याला मी शूमाखरपेक्षा कमी प्रतीचा चालक मानत नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

लाउडाचे उदाहरण मला निरुत्तर करणारे वाटते, कारण त्यात जिद्द पुरेपूर आहे आणि तिच्यावर ताबाही आहे. मात्र मॉसच्या उदाहरणाने माझी शंका उलट बळावते, कारण त्याच्या सचोटीची किंमत थेट विजेतेपदानेच मोजली गेली.

प्रतिसाद ४

किंमत उलट बाजूनेही मोजावी लागते. २०२५ मध्ये स्पेनच्या शर्यतीत शेवटच्या फेऱ्यांत, जॉर्ज रसेलला जागा परत देण्याची सूचना संघाकडून मिळाल्यावर, मॅक्स व्हर्स्टॅपेनने संतापाच्या भरात त्याच्यावर गाडी घातली. दहा सेकंदांच्या दंडामुळे तो पाचव्यावरून दहाव्या स्थानी घसरला, म्हणजे दहा गुणांऐवजी त्याला एकच गुण मिळाला, आणि मोसमाअखेरीस लँडो नॉरिसने विजेतेपद जिंकले ते दोन गुणांनी. ती कृती चुकीची होती, हे व्हर्स्टॅपेनने दुसऱ्याच दिवशी मान्य केले होते. त्याच मोसमात ऑगस्टअखेर तो अग्रस्थानावरील ऑस्कर पियास्त्रीपेक्षा तब्बल १०४ गुणांनी मागे होता आणि तेथून त्याने पियास्त्रीला मागे टाकून विजेतेपदाची लढत अखेरच्या शर्यतीपर्यंत नेली. हा पाठलाग त्याने वेगाच्या आणि सातत्याच्या बळावर केला. त्यासाठी त्याला कोणाच्याही अंगावर गाडी घालावी लागली नाही.