मदत हवी आहे: कंत्राटी नर्सनी कोणत्या युनियनमध्ये जावं?

राहायला ऐरोलीला, नोकरी ठाणे जिल्ह्यातल्या एका पालिका रुग्णालयात. कंत्राटी स्टाफ नर्स, पाचवं वर्ष. दर सहा महिन्यांनी नवा आदेश, मध्ये एक दिवसाचा खंड. काम कायम नर्सइतकंच, पण पगारी रजा नाही. आजारी पडलं की पैसे कापले जातात, आणि हेच सगळ्यात जास्त लागतं.

मेट्रनना भेटलो, आम्ही चौदा जणींनी सह्यांचा अर्ज दिला. पोच आहे, उत्तर नाही. आदेश थेट पालिकेचा आहे, ठेकेदार मध्ये नाही. वकील परवडणार नाही.

कायम कर्मचाऱ्यांची युनियन आम्हाला सभासद करून घ्यायला तयार आहे. स्वतंत्र युनियन नोंदवायला किमान सात जणी आणि शिवाय तिथल्या एकूण कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी असेल तितके सभासद लागतात हे माहीत आहे. तेवढे जमले तरी वाटाघाटीला बोलावतात ते मान्यताप्राप्त युनियनला, म्हणून मला तिथेच जावंसं वाटतं. युनियनमध्ये गेल्याबद्दल त्रास देणं ही 1971च्या राज्य कायद्यात अनुचित कामगार प्रथा आहे, हेही वाचलंय. तरी मैत्रिणी घाबरल्यात, कारण आदेश याच महिन्याअखेर संपतोय.

सभासद झाल्यावर नवा आदेशच दिला नाही, तर तो त्रास धरला जातो की नुसती मुदत संपली म्हणतात? कोणाच्या युनियनने कंत्राटींची रजा प्रत्यक्ष मिळवून दिली आहे का?