कमेंटची पोच द्यावी की नाही?

धागाकर्ती, कर्वेनगर

गेल्या जानेवारीत माझ्या हातून एक चूक झाली, ती अजून टोचते. म्हणून हा धागा काढतेय.

गच्चीवर कुंड्यांमध्ये भाजी कशी लावायची, याचं माझं छोटंसं पेज आहे. ११ हजारांच्या आसपास फॉलोअर्स. एका व्हिडिओखाली एका बाईंनी विचारलं होतं, "कढीपत्त्याची पानं पिवळी पडून गळतायत. आईने लावलेलं झाड आहे, काय करू?" मी फोडणी घालत होते. वाचलं, नंतर लिहू म्हणून फोन ओट्यावर ठेवला आणि विसरले. १७ दिवसांनी त्याच कमेंटखाली त्यांनीच लिहिलं, "रोज पाणी घातलं, खतही घातलं. झाड गेलं."

उत्तर दोन ओळींचं होतं हो. पुण्याच्या थंडीत कढीपत्ता झोपतो, पानं गाळतो. तेव्हा पाणी कमी करायचं, खताला हात लावायचा नाही. ऊन वाढलं की तो आपोआप फुटतो. त्या बिचारीने काळजीपोटी पाणी घालघालून मुळं कुजवली, आणि मी गप्प बसले.

आमच्या लहानपणी रेडिओवर 'आपली आवड' लागायचं. गाण्याआधी पत्र पाठवणाऱ्यांची नावं वाचायचे. वडील १५ पैशांच्या कार्डावर फर्माईश लिहून पाठवायचे. एकदा त्यांचं नाव आलं, तेव्हा हातातला दाढीचा वस्तरा तसाच धरून ते रेडिओसमोर उभे राहिले होते, अर्ध्या गालाला साबण. गाणं कुठलं होतं ते आठवत नाही, त्यांचा चेहरा आठवतो. आपलं कार्ड कुणीतरी वाचलं, एवढंच हवं असतं माणसाला. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जो थांबून चार शब्द लिहितो, त्याला उत्तर मिळालंच पाहिजे. तुमचं काय म्हणणं?

लक्ष्मी रोडवरून

ताई, झाडाचं वाचून वाईट वाटलं, पण मत पटलं नाही. आमचं साड्यांचं दुकान आहे. दिवाळीत एका रीलखाली ४०० कमेंट आल्या, त्यातल्या साडेतीनशे नुसत्या "किंमत?" अशा. दुकानात आम्ही दोघं भाऊ. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला साडी उलगडून दाखवू की फोनवर बोटं चालवू? इन्स्टाग्रामवर ३ कमेंट वर पिन करता येतात. माहिती तिथे एकदाच नीट लिहावी, सगळ्यांचं काम होतं. एकेकाला उत्तर देणं हा वेळेचा अपव्यय आहे.

हडपसरची गिऱ्हाईक

दादा, मग तुम्ही लोक किंमत वर लिहीत का नाही? मी विचारते तर उत्तर येतं "इनबॉक्स चेक करा". इनबॉक्स उघडला तर "नमस्कार मॅडम, कुठली साडी?" म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. याला मी उत्तर म्हणत नाही, ही टोलवाटोलवी आहे.

लक्ष्मी रोडवरून

खरं सांगतो. शेजारच्या दुकानदाराला आमचा भाव कळू नये, हे एक कारण. दुसरं, कमेंट वाढल्या की पोस्ट जास्त लोकांना दिसते. लोकांच्या आपसातल्या संवादाला झुकतं माप देणार, असं फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये जाहीरच केलं होतं. तेव्हापासून सगळेच कमेंटच्या मागे आहेत. पण भाव लपवणं चूक आहे, हे मान्य. या सणाला रीलवरच लिहीन.

ताम्हिणी घाटातून

काकू, तुम्हाला कमेंटमध्ये कढीपत्ता मिळतो. मला काय मिळतं सांगू? मी बाइकवरून एकटी फिरते, घाटांचे व्हिडिओ टाकते. खाली येतं, "घरी स्वयंपाक कोण करतं?" आणि ही त्यातली सभ्य कमेंट. सुरुवातीला मी तुमच्यासारखंच प्रत्येकाशी नीट बोलायचे. उत्तर गेलं की तो परत यायचा, दोन मित्रांना घेऊन यायचा. रात्री दीडला मी पलंगावर बसून अनोळखी माणसाला माझी बाजू समजावतेय, असं महिनाभर चाललं. शेवटी आई म्हणाली, तू कुणाला हिशोब देतेयस? आता सरळ रिस्ट्रिक्ट करते. त्याची कमेंट त्याची त्यालाच दिसते, बाकी कुणाला नाही. "प्रत्येकाला उत्तर मिळालंच पाहिजे" हा नियम मुलींवर लादू नका. प्लीज.

एक डॉक्टर, औंध

माझाही विरोध, कारण वेगळं. मी त्वचेच्या आजारांवर माहितीचे व्हिडिओ करतो. खाली लोक फोटो टाकतात, "हा डाग कसला?" टेलिमेडिसिनची, म्हणजे रुग्णाला लांबून फोनवर किंवा ऑनलाइन सल्ला देण्याची, मार्गदर्शक तत्त्वं मार्च २०२० मध्ये आली. त्यात रुग्णाची ओळख, संमती, नोंद ठेवणं, हे सगळं आहे. कमेंटखाली यातलं काहीच होत नाही. चार लोकांसमोर कुणाच्या आजाराची चर्चा करणंही मला पटत नाही.

धागाकर्ती, कर्वेनगर

बाइकवाल्या मुली, तुझं शंभर टक्के बरोबर. शिवी देणाऱ्याला पोच नसते. धाग्यातलं "प्रत्येकाला" हे मी मागे घेते.

दुकानदार दादा, साडेतीनशे उत्तरं नकोतच. पण "आईच्या साठीला नऊवारी हवी, कुठला रंग शोभेल?" असं एखादीने लिहिलं असेल, तर ती कमेंट त्या साडेतीनशेत बुडू देऊ नका. तिला दोन ओळी लिहा.

डॉक्टर, तुम्ही औषध सांगू नका, पण "अंदाज बांधू नका, या आठवड्यात कुणाला तरी दाखवून घ्या" एवढं तर लिहू शकता? पोच देणं वेगळं आणि सल्ला देणं वेगळं.

एक डॉक्टर, औंध

तेही करून पाहिलं. ६० फोटोंपैकी २० जणांना "दाखवून घ्या" लिहिलं, मग ओपीडी सुरू झाली. उरलेल्या ४० जणांनी काय समजायचं? एक गृहस्थ दोन महिन्यांनी आले आणि म्हणाले, "तुम्ही दुसऱ्यांना लिहिलंत, मला नाही, म्हणून वाटलं माझं साधं असेल." त्यांचं साधं नव्हतं. त्या दिवसापासून आरोग्याच्या व्हिडिओखाली मी कमेंटच बंद ठेवतो. अर्धवट पोच ही गप्प बसण्यापेक्षा जास्त धोक्याची असते.

धागाकर्ती, कर्वेनगर

याला माझ्याकडे उत्तर नाही, डॉक्टर. झाडांच्या बाबतीत जे चालतं ते माणसांच्या बाबतीत चालेलच असं नाही. मी माझ्यापुरतं ठरवलंय: रविवारी सकाळी तासभर फक्त प्रश्नांना उत्तरं, आणि आजारी झाडाचा प्रश्न दिसला की त्याच दिवशी.

हडपसरची गिऱ्हाईक

काकू, त्या कढीपत्त्याच्या बाईंना पुढे काय लिहिलंत?

धागाकर्ती, कर्वेनगर

माफी मागितली. आणि लिहिलं, माझ्या कढीपत्त्याच्या मुळाशी नवी रोपं फुटलीत, त्यातलं एक तुमच्यासाठी काढते, कधीही येऊन न्या. आईंच्या झाडाची जागा ते घेणार नाही, हे मला कळतं. त्यांचं उत्तर आलं नाही. रोप वेगळ्या कुंडीत लावून ठेवलंय, आता गुडघ्याएवढं झालंय.