डिस्ने वर्ल्डच्या आवारातील महागडे हॉटेल : एवढे पैसे मोजण्यासारखे आहे का?

भुईकोट (जुळे सोलापूर)

नमस्कार. जूनच्या अखेरीस आम्ही उभयता लेकीकडे अमेरिकेला जात आहोत. नातवंडांना तेव्हा शाळेची सुट्टी असल्यामुळे सर्वांनी मिळून फ्लोरिडातील ऑर्लँडो येथील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड पाहावे, असा बेत लेक-जावयांनी आखला आहे. आम्ही दोघे, ते दोघे, नऊ वर्षांचा नातू आणि पाच वर्षांची नात असे एकूण सहा जण आहोत. लेकीच्या मनात मॅजिक किंगडम या तेथील उद्यानाच्या शेजारच्या काँटेम्पररी या हॉटेलात चार रात्री राहायचे आहे. मोनोरेल त्या इमारतीच्या आतूनच जाते, याचे नातवाला फार अप्रूप आहे. मात्र तेथे एका खोलीचे एका रात्रीचे भाडे पाचशे डॉलरच्या पुढेच असते, आणि सहा जणांना एक खोली देत नाहीत. दोन खोल्या, चार रात्री आणि वर कर असा हिशेब केला, तर नुसत्या मुक्कामाचा खर्च चार लाख रुपयांच्या घरात जातो. उद्यानाची तिकिटे आणि जेवणखाण वेगळेच.

दिवसभर उद्यानात फिरायचे आणि खोलीत फक्त पाठ टेकायला जायचे, तर इतके भाडे कशासाठी, असे मला वाटते. लेक म्हणते, "बाबा, तुम्ही पुन्हा पुन्हा थोडेच येणार आहात?" तिचे मन मोडावे असे मला मुळीच वाटत नाही, पण तिच्या कष्टाचा पैसा केवळ नावासाठी जावा हेही पटत नाही. सौभाग्यवतींच्या गुडघ्यांना सलग चालणे सोसत नाही, हीसुद्धा एक काळजी आहे. महागड्या हॉटेलात असे नेमके काय मिळते, जे आवारातील स्वस्त हॉटेलात मिळत नाही, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

टॅम्पावासी सोलापूरकर

काका, नमस्कार. मी मूळचा साखर पेठेतला. आता ऑर्लँडोपासून दीड तासाच्या अंतरावर राहतो, त्यामुळे भारतातून येणाऱ्या नातलगांना घेऊन तेथे जाणे होतच असते. आपला प्रश्न अगदी रास्त आहे, कारण जाहिरातीत सगळ्या सवलती एकत्रच मांडलेल्या असतात आणि त्यांपैकी कोणती महागड्या हॉटेलाची व कोणती सर्वांचीच, हे चटकन लक्षात येत नाही.

डिस्नेने आपल्या हॉटेलांचे व्हॅल्यू, मॉडरेट आणि डिलक्स असे वर्ग केले आहेत. उद्यान उघडण्याच्या अर्धा तास आधी आत सोडण्याची सवलत या तिन्ही वर्गांना सारखीच मिळते. उद्यानांपर्यंतची बस सर्वांना मोफत आहे. पैसे भरून छोटी रांग घेण्याची जी लायटनिंग लेन आहे, तिची नोंदणी हॉटेलातील पाहुण्यांना सात दिवस आधी आणि बाहेरच्यांना तीन दिवस आधी करता येते. यातही स्वस्त-महाग असा भेद नाही. फक्त डिलक्सवाल्यांना मिळणारी ठळक सवलत एकच आहे : ठरावीक रात्री मॅजिक किंगडम किंवा एपकॉट हे उद्यान त्यांच्यासाठी दोन तास जास्त उघडे राहते. पाच वर्षांची मुलगी त्या वेळेपर्यंत जागी राहील, असे मला वाटत नाही. आणि महागडी खोली घेतली म्हणून रांगेत उभे राहणे चुकते, असा समज असेल तर तो मनातून काढून टाकावा. लायटनिंग लेनचे पैसे प्रत्येकाला वेगळे भरावेच लागतात.

मग पैसे जातात कशात? माझ्या मते ते मुख्यतः अंतरात जातात, आणि आपण निर्णयही अंतर पाहूनच घ्यावा. जूनमधला फ्लोरिडाचा उन्हाळा सोलापूरच्या उन्हाळ्यासारखा नसतो. आपल्याकडे पारा बेचाळीसवर गेला तरी हवा कोरडी असते आणि सावलीत बसले की जिवाला बरे वाटते. येथे तापमान कमी असूनही अंगावरचा घाम वाळत नाही, सावलीतही उमस पिच्छा सोडत नाही, आणि दुपारनंतर बहुतेक रोज विजांसह पाऊस कोसळतो. सकाळी लवकर आत जाणे, एकच्या सुमारास खोलीवर परतून जेवण व विश्रांती घेणे आणि पाच वाजता पुन्हा बाहेर पडणे, हाच क्रम वयस्कर माणसांना आणि लहान मुलांना मानवतो. खोली दहा मिनिटांच्या चालीवर असेल तरच हा क्रम टिकतो. बसने एका फेरीला पाऊण तास लागत असेल, तर पहिल्या दिवसानंतर कोणीही दुपारी परत जाण्याचे नाव काढत नाही.

रात्रीचेही तसेच आहे. आतषबाजी संपली की हजारो माणसे एकाच वेळी बाहेर पडतात. बसथांब्यावर लांबलचक रांग लागते, बाबागाडी घडी करून हातात धरावी लागते, झोपलेले मूल खांद्यावर असते आणि दुसऱ्या हातात पाण्याच्या बाटल्यांची पिशवी असते. त्याच वेळी काँटेम्पररीचे पाहुणे पायी चालत आपल्या खोलीत पोहोचलेले असतात. त्या भाड्याचा खरा मोबदला मला त्या वेळी दिसतो.

परंतु हे सुख फक्त मॅजिक किंगडमपुरते आहे, हेही ध्यानात घ्या. एपकॉटला जायचे तर मोनोरेल बदलावी लागते, आणि हॉलिवूड स्टुडिओज व ॲनिमल किंगडम या उद्यानांसाठी काँटेम्पररीवाल्यांनाही इतरांसारखी बसच घ्यावी लागते. ॲनिमल किंगडम लॉज हे असेच दुसरे महागडे हॉटेल. त्याच्या काही खोल्यांच्या सज्ज्यातून जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात, ते दृश्य विलक्षणच आहे. पण तेथून कोणत्याही उद्यानाला पायी जाता येत नाही. दर वाढला की अंतर कमी होतेच, असे नाही.

आपल्या सहा जणांसाठी मी आर्ट ऑफ ॲनिमेशन या व्हॅल्यू वर्गातील हॉटेलाचा फॅमिली स्वीट पाहायला सांगेन. त्यात सहा जण राहू शकतात आणि न्हाणीघरे दोन आहेत. डिलक्सच्या दोन खोल्यांपेक्षा तो पुष्कळ स्वस्त पडतो. शिवाय २०१९ साली सुरू झालेल्या स्कायलायनर या रोपवेचे स्थानक तेथे आहे. एपकॉटला आणि हॉलिवूड स्टुडिओजला त्यातून, वाटेत कॅरिबियन बीच स्थानकावर डबा बदलून, जाता येते, बसची वाट पाहावी लागत नाही. विजा चमकू लागल्या की मात्र तो बंद ठेवतात, त्यामुळे आभाळ भरून येण्याआधीच दुपारचे परतावे.

चाटी गल्ली

वरील उत्तरातला अंतराचा मुद्दा मला आपल्या जवळच्याच उदाहरणावरून पटतो. सासू-सासऱ्यांना घेऊन आम्ही रामोजी फिल्म सिटीला गेलो होतो. सोलापूरहून हैदराबादचा रस्ता सरळ असला, तरी फिल्म सिटी शहराच्या पलीकडे, विजयवाड्याच्या वाटेवर आहे. बाह्यवळण मार्गाने शहर टाळता येते, पण मुक्काम शहरात केला तर सकाळ-संध्याकाळ वाहतुकीत अडकणे आलेच. आवारातच सितारा हे आलिशान आणि तारा हे त्याहून साधे अशी दोन हॉटेले आहेत. आम्ही तारा निवडले. संध्याकाळचा कार्यक्रम संपल्यावर दमलेल्या सासूबाईंना पुन्हा गाडीत तासभर बसावे लागले नाही, हा लाभ आवारात राहिल्यामुळे मिळाला. सितारामध्ये राहिल्याने तो वाढला नसता.

उलट अनुभवही आहे. पुण्याच्या बाजूला एका उद्यानालगतच्या महागड्या हॉटेलात आम्ही एका रात्रीसाठी उतरलो. खोली दुपारी उशिरा मिळाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच रिकामी करावी लागली. ज्या तरणतलावाचे पैसे भाड्यात धरले होते, त्यात मुलांचे पायही भिजले नाहीत. म्हणून काका, खोली ताब्यात मिळण्याची आणि सोडण्याची वेळ आधी विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट आपल्या घरच्या बायकांच्या दृष्टीने सांगते. तुमच्याकडे शुद्ध शाकाहार असेल आणि रोज बाहेरचे खाणे ज्येष्ठांना सोसत नसेल, तर स्वयंपाकघर असलेली जागा बघावी. सकाळी खिचडीचा कुकर लावता आला आणि सोबत नेलेली कडक भाकरी व शेंगाचटणी दुपारी मांडता आली, तर सहा जणांचा एका जेवणाचा खर्च वाचतो आणि पोटही बिघडत नाही.

टॅम्पावासी सोलापूरकर

ताईंनी चांगला मुद्दा काढला. डिस्नेत खोली दुपारी तीनला मिळते आणि अकराला सोडावी लागते. स्वयंपाकघर असलेल्या डिलक्स व्हिलाची वेळ तर दुपारी चारची आहे. तरीही पहिल्या आणि शेवटच्या दिवशी सामान हॉटेलात ठेवून उद्यानात जाता येते, आणि सकाळी अर्धा तास आधी आत जाण्याची सवलत त्या दोन्ही दिवशीही मिळते. व्हिला हवाच असेल, तर डिस्ने व्हेकेशन क्लब या मुक्काम योजनेच्या सभासदांकडून त्यांचे पॉइंट (मुक्कामासाठी वापरायचे गुण) भाड्याने घेऊन तो मूळ दरापेक्षा बराच कमी किमतीत मिळवता येतो. मात्र बेत रद्द झाला तर ते पैसे परत मिळणे अवघड असते, म्हणून व्हिसा हातात आल्यावरच त्या वाटेला जावे.

महागड्या हॉटेलाचे पैसे रोख वसूल होतात असे एक ठिकाण ऑर्लँडोत आहे, पण ते डिस्नेचे नाही. युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीच्या उद्यानांलगतच्या पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत खोलीतल्या प्रत्येक पाहुण्याला छोट्या रांगेचा एक्सप्रेस पास भाड्यातच मिळतो, आणि तो येण्याच्या व जाण्याच्या अशा दोन्ही दिवशी चालतो. म्हणजे एकाच रात्रीच्या भाड्यात दोन दिवसांची सोय होते. २०२५ साली उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या नव्या उद्यानात मात्र हा पास चालत नाही. नातवाला युनिव्हर्सलच्या जुन्या उद्यानांत न्यायचे असेल, तर या तीनपैकी एका हॉटेलात एक रात्र डिलक्स घ्यायला मी आनंदाने सांगेन.

पार्क चौक

वरचे सर्व हिशेब बरोबर असतील, तरी माझे मत थोडे वेगळे आहे. खोली फक्त झोपण्यासाठी असते, हे गृहीतच मला मान्य नाही. काकूंनी आयुष्यभर घरातल्या प्रत्येकाची सोय पाहिली असेल. त्यांना चार दिवस कोणीतरी आयती सोय करून द्यावी, खिडकीतून सिंड्रेलाच्या वाड्यावरची आतषबाजी बसल्या जागी दिसावी, आणि हे आपल्या लेकीने केले याचे समाधान मिळावे, याची किंमत बसच्या फेऱ्यांत मोजता येत नाही. आई-वडिलांसाठी खर्च करण्यात मुलांचाही आनंद असतो, आणि आपली पिढी तो त्यांना सहजासहजी घेऊ देत नाही.

माझी एवढीच विनंती आहे, की महागडे हॉटेल घेतलेच तर त्यात राहून घ्या. एक दिवस उद्यानाचे तिकीट न काढता तरणतलाव, मोनोरेलची मोफत फेरी आणि निवांत जेवण यासाठी ठेवा. सकाळी सातला बाहेर पडून रात्री अकराला परतणार असाल, तर टॅम्पाच्या बंधूंचे म्हणणेच योग्य आहे.

भुईकोट (जुळे सोलापूर)

सर्वांचे मनापासून आभार. लेकीला ही सर्व उत्तरे वाचून दाखवली. तिचा खरा आग्रह हॉटेलाच्या नावाचा नसून आईला फार चालावे लागू नये याचा होता, हे बोलण्यातून स्पष्ट झाले. त्यामुळे तीन रात्री आर्ट ऑफ ॲनिमेशनचा फॅमिली स्वीट घ्यायचा, आणि मॅजिक किंगडमचा दिवस शेवटी ठेवून त्या एका रात्रीपुरत्या काँटेम्पररीत दोन खोल्या घ्यायच्या, असे आम्ही ठरवत आहोत. सामान हलवण्याचा त्रास एकदाच होईल. पार्क चौकवाल्यांचे म्हणणेही मला लागले; ती एक रात्र लेकीच्या मनासारखी होऊ द्यावी, असे आता वाटते. एकच शंका उरली आहे : सौभाग्यवतींसाठी चाकांची खुर्ची भाड्याने घेतली, तर ती त्या रोपवेत नेता येते का?

टॅम्पावासी सोलापूरकर

नेता येते, काका. एरवी डबे हळू सरकत असतानाच लोक चढतात, पण खुर्ची असलेल्यांसाठी डबा बाजूच्या मार्गिकेवर घेऊन पूर्ण थांबवतात, त्यामुळे काकूंना घाई करावी लागणार नाही. डब्यात वातानुकूलन नाही, खिडक्यांतून वारा येतो. म्हणून भर दुपारी पाण्याची बाटली आणि एक सुती पंचा जवळ असू द्या. खुर्ची उद्यानाच्या दारात घेतली तर ती तेथेच परत करावी लागते. हॉटेलपर्यंत आणायची असेल, तर बाहेरच्या पुरवठादाराकडून संपूर्ण मुक्कामासाठी घ्यावी आणि ती हॉटेलात केव्हा व कोणाच्या हाती मिळणार, हे आरक्षणाच्या वेळीच विचारून ठेवावे.