मॅक अ‍ॅड्रेस बदलला म्हणजे माणूस चोर?

खटपट्या
काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "मॅक बदलणारा काहीतरी लपवत असतोच, सरळ गुन्हा दाखल करा." वाचून डोकं फिरलं. मॅक म्हणजे नेटवर्कवर उपकरण ओळखायचा पत्ता, अंक-अक्षरांच्या सहा जोड्यांचा. आयफोन २०२० पासून आणि अँड्रॉइड दहाव्या आवृत्तीपासून प्रत्येक वायफायला आपणहून वेगळा मॅक दाखवतात. मग अर्धा देश आत टाकणार का? २०१३ मध्ये लंडनच्या रस्त्यावरचे कचऱ्याचे डबे जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या फोनचे मॅक टिपत होते. बोंब झाली तेव्हा तिथल्या कॉर्पोरेशनने ते थांबवायला लावलं. असल्या पाळतीवरचा हा उपाय आहे. लिनक्सवर नेटवर्क कार्ड डाउन (बंद) करा, नवा पत्ता द्या, अप (चालू) करा, संपलं. पहिल्या जोडीतला दुसरा आकडा २, ६, ए किंवा ई ठेवा, म्हणजे कुठल्या कंपनीच्या पत्त्याशी टक्कर नाही. ही सोय मानकातच आहे.

रॅकवाला
ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेणार नाही. होस्टेलचं नेटवर्क सांभाळतो मी. डेटाचा कोटा संपला म्हणून एका पोराने शेजारच्याचा मॅक उचलून आपल्या लॅपटॉपला लावला. सगळ्या वायरी जोडणाऱ्या स्विचमध्ये कुठला पत्ता कुठल्या पोर्टवर याचं टेबल असतं; एकच पत्ता दोन पोर्टवर दिसला की ते सारखं इकडून तिकडे उड्या मारतं. दोघांचंही नेट रडतखडत, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री शिव्या कुणाला? मला.

खटपट्या
ती चोरी झाली, कबूल. पण कोटा मॅकवर बांधायचा सल्ला कुणी दिला? वायफायला कितीही चांगला पासवर्ड लावा, फ्रेमवरचा, म्हणजे डेटाच्या प्रत्येक पाकिटावरचा, मॅक उघडाच जातो, हवेतून कुणीही वाचावा. त्याच्या भरवशावर कुलूप लावायचं आणि पोरांना चोर म्हणायचं! ८०२.१एक्स, म्हणजे आत घेण्याआधी ओळख तपासणारी पद्धत, लावा, ज्याला त्याला लॉगिन द्या.

रॅकवाला
त्याला लागणाऱ्या सर्व्हरचे पैसे तुम्ही भरताय का? निम्म्या प्रिंटरना ८०२.१एक्स कळत नाही, त्यांना शेवटी मॅकवरच आत घ्यावं लागतं. घरी बसून सल्ले देणं सोपं असतं.

ठाणेकर_ताई
आमचा राउटर जळला. नवा आणून लावला तर नेट नाही. केबलवाला म्हणे, जुन्याचा मॅक सिस्टीमला आहे, माणूस सोमवारी येईल. मुलीची ऑनलाइन मुलाखत शनिवारी! भाच्याने जुन्या राउटरच्या बुडाच्या स्टिकरवरचा पत्ता नव्यात 'मॅक क्लोन'मध्ये टाकला आणि नेट सुरू. वर्षाचे पैसे आगाऊ भरलेत मी. दादा, मीही चोर का?

गच्चीवरचा
ताई, केबलवाल्यांचं नावच काढू नका. आमच्या सोसायटीत कमिटी एकाच कंपनीला वायर टाकू देते. दुसऱ्याची टाकली तर गच्चीवर कापलेली सापडली. विचारलं तर सेक्रेटरी म्हणतात, उंदीर असेल. उंदीर पक्कड घेऊन फिरतो का?

ठाणेकर_ताई
आमच्याकडेही तेच! कमिटीला त्या कंपनीचं नेट फुकट.

गच्चीवरचा
मग ठराव लेखी मागा. आम्ही मागितला तेव्हापासून चालढकल चालू आहे.

रॅकवाला
वायरींचा वेगळा धागा काढा की!

चौकस
मूळ मुद्द्यावर येतो. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या नेटवर्कवरून ढीगभर शोधनिबंध उतरवणारा प्रोग्रामर अ‍ॅरन स्वार्ट्झ याने, एमआयटीने लॅपटॉप अडवल्यावर, मॅकच्या शेवटच्या 'एफबी'चं 'एफसी' केलं, हे २०११ च्या सरकारी आरोपपत्रात आहे. आरोप होते फसवणुकीचे आणि संगणकात बेकायदा शिरण्याचे. मॅक बदलणं हा त्यातला एक तपशील. पण अडवल्यावर बदलला म्हणून तो त्याच्याविरुद्ध मांडला गेला. खटपट्या, "संपलं" म्हणण्याइतकं ते साधं नाही.

खटपट्या
त्या पोराचा जीव गेला त्या खटल्याच्या ओझ्याखाली. ते उदाहरण देऊन तुम्ही माझीच बाजू मांडताय.

रॅकवाला
ताईंनी स्वतःच्याच राउटरचा पत्ता वापरला, त्यांना चोर म्हणणार नाही. "गुन्हा दाखल करा" हे वाक्य तेवढं काढतो. पण माझ्या होस्टेलात यायचं तर फोनचा रँडम मॅक बंद करूनच. ते बदलणार नाही.

गच्चीवरचा
ताई, ठरावाच्या अर्जाचा मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. पोच घेतल्याशिवाय देऊ नका.