मदत हवी आहे: ऑफिसरचं प्रमोशन आलंय आणि पाचवा महिना चालू आहे. होकार कळवू का?

कॅशकाउंटर:

नमस्कार मंडळी. मी मिरजेला एका सरकारी बँकेत क्लार्क आहे. बँकेचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील आणि मग डबा खाताना तोच विषय.

क्लार्कमधून ऑफिसर, म्हणजे स्केल वनच्या लिस्टमध्ये माझं नाव आलंय. जेएआयआयबी, सीएआयआयबी या बँकेतल्या दोन्ही परीक्षा करून ठेवल्या होत्या, लेखी आणि इंटरव्ह्यू मार्चमध्येच झाले. तेव्हा दिवस गेलेत हे नुकतंच कळलं होतं आणि घरात दोघांशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. आता पाचवा महिना चालू आहे, डॉक्टरांनी तारीख ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातली दिली आहे. होकार की नकार हे येत्या सोमवारपर्यंत लेखी कळवायचंय.

अडचण पोस्टिंगची. आमच्याकडे प्रमोशन झालं की झोन बदलतो असा रिवाज आहे. गेल्या वर्षीच्या बॅचमधले दोघं गुजरातला, एक तेलंगणात, एक जण हुबळीकडे. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, म्हणजे तो हलू शकत नाही. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आई कोल्हापूरला आहे पण बाबांना सोडून महिनोन्‌महिने कुठे राहू शकणार नाही. त्यात आमचं आधी एकदा खाली झालंय, तेव्हापासून मी एसटीने सांगलीला जायचं म्हटलं तरी सासूबाई देव पाण्यात घालतात.

नकार दिला तर पुढची काही वर्षं परीक्षेला बसता येणार नाही म्हणतात. होकार दिला आणि जुलैत रिलीव्ह केलं तर सहावा-सातवा महिना घेऊन अनोळखी गावात हजर व्हायचं. ब्रँचमधल्या सिनियर मॅडम म्हणतात, "अगं, आत्ता गप्प बस, काही सांगू नकोस, ऑर्डर हातात येऊ दे." युनियनवाला म्हणतो, "बघू." नवरा म्हणतो, "तुला काय वाटतं ते कर." याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

कुणी यातून गेलं असेल तर सांगा. रजेचं आणि प्रोबेशनचं काय होतं तेही कळलं तर बरं.

बटव्यातलं:

आधी अभिनंदन! ते कुणी म्हटलेलंच दिसत नाही. दोन्हींसाठी.

जुना_ताळेबंद:

ताई, अभिनंदन. मी बँकेतून निवृत्त झालो, शेवटची काही वर्षं एचआरमध्ये होतो, त्यामुळे टेबलाच्या पलीकडचं सांगतो.

तुमच्या पत्रात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. प्रमोशन घेणं आणि पोस्टिंग घेणं या वेगळ्या पायऱ्या आहेत. सोमवारी तुम्हाला फक्त पहिलीचं उत्तर द्यायचंय. पोस्टिंगची लिस्ट अजून लागलेली नाही, आणि ती लागायच्या आधीचे दिवस सोन्याचे असतात. लिस्ट लागल्यावर बदल करायचा म्हणजे वरच्या साहेबाला आपलीच सही खोडायला सांगणं, ते कुणालाच आवडत नाही. आधी अर्ज असेल तर नाव नुसतं दुसऱ्या रकान्यात टाकायचं असतं.

म्हणून गप्प बसायचा सल्ला मला पटत नाही. होकाराबरोबरच वेगळं रिप्रेझेंटेशन, म्हणजे लेखी विनंतीअर्ज, द्या. त्यात गरोदरपणाचं सर्टिफिकेट, अपेक्षित तारीख, आधीच्या गर्भपाताचे कागद, नवऱ्याच्या नोकरीचा दाखला. मागणी नेमकी करा. "माझा विचार व्हावा" असं लिहिलंत तर विचार होईल आणि फाइल बंद होईल. "कोल्हापूर, सांगली, सोलापूर यांपैकी कुठेही, न जमल्यास मिरजेला थेट रेल्वे असलेलं ठिकाण" असं लिहा.

आधाराला दोन गोष्टी आहेत. केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाने ऑगस्ट २०१४ मध्ये सरकारी बँकांना लिहिलं होतं की विवाहित महिला कर्मचाऱ्यांना शक्यतो नवऱ्याच्या गावी किंवा जवळ ठेवावं. नोव्हेंबर २०२४ मध्ये बदल्यांच्या धोरणाबद्दल पुन्हा पत्र आलं, त्यात महिलांना जवळची ठिकाणं, स्केल तीनपर्यंतच्या ऑफिसरांना शक्यतो त्यांच्या भाषेच्या प्रदेशात ठेवणं, आणि लग्न, आजारपण, बाळंतपण, मुलांचं संगोपन अशा कारणांसाठी बदलीची तरतूद, हे सगळं आहे. दोन्ही पत्रं सल्ल्याच्या भाषेत आहेत. "शक्यतो" हा शब्द एचआरचा लाडका असतो, मीही तो भरपूर वापरला आहे. पण अर्जात संदर्भ दिला की नाकारणाऱ्याला कारण शोधावं लागतं.

आता रजा. बँकेत बाळंतपणाची रजा एका वेळी सहा महिने आणि सगळ्या नोकरीत मिळून बारा महिने. आधीच्या वेळी गर्भपाताची रजा या खात्यातून घेतली असेल तर तेवढी बारातून वजा झालेली असेल, ती एकदा बघून घ्या. या खेपेला फरक पडणार नाही, दुसऱ्या बाळाच्या वेळी पडू शकतो. प्रमोशनवर आलेल्या ऑफिसरचं प्रोबेशन एक वर्षाचं असतं. मध्ये लांब रजा झाली तर कन्फर्मेशन पुढे ढकलतात. प्रोबेशन लांबणं म्हणजे नापास होणं नव्हे, घाबरू नका.

सोज्वळ_सदाशिव:

आमच्या मते बाळाची पहिली तीन वर्षं आईनेच जवळ असावं. नवरा कमावता आहे, तुम्हीही कमावत्या आहात, मग ही धावाधाव कशासाठी? पद काय, आज आहे उद्या नाही.

कॅशकाउंटर:

@सोज्वळ_सदाशिव, मी जवळ असणारच आहे. क्लार्क राहिले तरी दहा ते पाच काउंटरवर असेन, ते तुमच्या हिशेबात कुठे बसतं? असो.

@जुना_ताळेबंद काका, खूप आभार. सरमिसळ झालीय हे वाचून डोकं जरा थंड झालं. एक शंका: आत्ताच सांगितलं तर "हिला आता कशाला" म्हणून नावच मागे टाकणार नाहीत ना?

जुना_ताळेबंद:

निकाल लागलेला आहे, लिस्टवरून नाव काढायला कारण लागतं, आणि गरोदरपण हे लेखी देता येण्यासारखं कारण नाही. इंटरव्ह्यूच्या आधी विचारलं असतं तर मीही म्हटलं असतं, सांगायची गरज नाही. आता परिस्थिती उलटी आहे.

घटप्रभा_काठ:

मी हेच केलंय, फक्त माझं पोट आणखी पुढे होतं. मूळची इचलकरंजीची, पोस्टिंग बेळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ब्रँचला. लोक जे सांगत नाहीत ते सांगते.

क्लार्क आणि ऑफिसर यांतला फरक पगारापेक्षा चावीत आहे. एकदा तिजोरीची जॉइंट कस्टडी, म्हणजे दोघांपैकी एक चावी, तुमच्याकडे आली की सकाळी तुम्ही पोचल्याशिवाय कॅश उघडत नाही आणि संध्याकाळी टॅली झाल्याशिवाय तुम्ही निघत नाही. रात्री बाळाला ताप आला असेल तर सकाळी चावीचा चार्ज द्यायला तरी जावंच लागतं. छोट्या ब्रँचमध्ये मॅनेजर आणि तुम्ही, दोनच ऑफिसर. मोठी ब्रँच मागा. रिप्रेझेंटेशनमध्ये नाही लिहिता येत हे, पण झोनल ऑफिसला तोंडी सांगता येतं. मोठ्या ब्रँचमध्ये लोन किंवा बॅक ऑफिसचं टेबल मिळू शकतं.

दुसरं, घर. ऑफिसर झालात की बँकेचं लीजचं घर मिळतं, क्लार्कला ते नसतं. मी ब्रँचपासून चालत पाच मिनिटांवर घेतलं. घर जुनाट होतं, नळाला दिवसाआड पाणी, सासूबाईंनी नाकं मुरडली. पण दुपारी घरी जाऊन पाजून येता यायचं. कायद्याप्रमाणे मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी वेळ मिळतो, जेवणाच्या सुट्टीशिवाय. मॅनेजरला माहीतच नव्हतं. मी कलम छापून टेबलावर ठेवलं, भांडण नाही की काही नाही, "ओह, हो का" म्हणाले.

पाळणाघराची मात्र आशा धरू नका. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी ते लागतं, आमच्या ब्रँचमध्ये सगळे मिळून सात, त्यातला एक वॉचमन. शेजारच्या अक्कांनी सांभाळलं. माझ्या मुलाला आधी कन्नड आलं, मग मराठी.

कठीण गेलं. अंग भरून यायचं, क्लोजिंगला मी वॉशरूममध्ये रडले आहे. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, परत वेळ आली तरी घेईन.

शेवगा:

मी उलटी बाजू. मी नकार दिला होता. जुळी होती, सातव्या महिन्यापासून बेड रेस्ट, घेण्यासारखी परिस्थितीच नव्हती. डिबार झाले, म्हणजे काही वर्षं परीक्षेला बसायची बंदी, मग मुलं शाळेत जाईपर्यंत अर्ज भरायची इच्छाच राहिली नाही. माझ्या हाताखाली कॅश शिकलेला मुलगा आता आमच्या ब्रँचचा मॅनेजर आहे, मला ताई म्हणतो, चांगला आहे. पाचला पर्स उचलते आणि निघते. वाईट वाटतं का? इन्क्रिमेंटच्या महिन्यात वाटतं. बाकी अकरा महिने नाही. फक्त डिबार किती वर्षांचं हे तुमच्या प्रमोशन पॉलिसीत शब्दशः वाचा. आमच्याकडे जो तो वेगळा आकडा सांगत होता, बँकेबँकेत फरक असतो.

क्यूबिकल_नं_७:

मी पुण्यात आयटीत आहे, बँकेचं माहीत नाही. आमच्याकडे मातृत्व लाभाच्या कायद्यात रजेचा पगार रजेवर जायच्या आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर काढतात. माझं प्रमोशन रजेआधी चार महिने झालं आणि सगळे सव्वीस आठवडे नवीन पगारावर मिळाले. मॅनेजर म्हणत होता परत आल्यावर देऊ. परत आल्यावर तो मॅनेजरच राहिला नव्हता. तुमच्याकडे हिशेब कसा आहे ते बघा, हजर झाल्याच्या तारखेला महत्त्व असू शकतं.

जुना_ताळेबंद:

मुद्दा बरोबर आहे. नवीन पगार आणि ज्येष्ठता सहसा नव्या जागी हजर झाल्यापासून धरतात. स्केल वनचं बेसिक सध्या ४८,४८० पासून सुरू होतं, शिवाय घराची सोय, त्यामुळे आकडा लहान नाही. तेव्हा पर्याय दोन: डॉक्टर हो म्हणाले तर जवळच्या ठिकाणी जुलैत हजर होऊन सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात रजेवर जाणं, नाहीतर हजर व्हायची मुदत बाळंतपणाच्या रजेनंतरपर्यंत वाढवून मागणं. दुसऱ्यात पैसे आणि बॅचमधली जागा जाऊ शकते. आधीचं एक गेलेलं असताना मी तरी पहिलं डॉक्टरांना विचारल्याशिवाय कागदावर लिहिणार नाही.

खडूफळा:

मी पण झेडपीचा मास्तर, बायको स्टाफ नर्स. तुमच्या यजमानांना निरोप सांगा. "तुला वाटतं ते कर" हे ऐकायला छान वाटतं, पण निर्णयाचं सगळं ओझं समोरच्याच्या खांद्यावर जातं. त्यांना विचारा, तू काय करशील? ऑक्टोबरअखेर बाळंतपण, रजा तेव्हापासून धरली तर सहा महिन्यांनी एप्रिलअखेर संपते. नेमकी तेव्हाच आमची उन्हाळी सुट्टी लागते, जूनच्या मध्यापर्यंत. म्हणजे तुम्ही परत हजर व्हाल तेव्हाचा पहिला दीड महिना बाप बाळाबरोबर तुमच्या गावी राहू शकतो. बाटली उकळणं, लंगोट, रात्रीची जागरणं, सगळं जमतं, मी केलंय. पुढच्या काळासाठी रजा किती शिल्लक आहे ते सर्व्हिस बुकात बघायला लावा.

कॅशकाउंटर:

@खडूफळा सर, तुमचा प्रतिसाद त्याला वाचायला दिला. आधी गाल फुगवले. मग रात्री स्वतःच वही घेऊन बसला, आणि आज शाळेतून येताना क्लार्ककडून रजेचा हिशेब घेऊन आला. सुट्टीचं आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

डॉक्टरांकडे जाऊन आले. रेल्वेने तीन-चार तासांचा प्रवास चालेल, रस्त्याने लांब नको, आणि आठव्या महिन्यानंतर अजिबात नाही, असं म्हणाल्या. तसं लिहूनही दिलं. म्हणजे गुजरात-तेलंगण आपोआप कटलं. हुबळीकडे राणी चन्नम्मा एक्सप्रेस जाते, पण धारवाड-हुबळी मला लांबच पडेल, बेळगावपर्यंत ठीक.

होकार लिहून ठेवलाय. रिप्रेझेंटेशनमध्ये कोल्हापूर, सांगली, मग बेळगाव अशी तीन नावं, दोन्ही पत्रांचा संदर्भ, डॉक्टरांचं पत्र. मागणीत काकांचे दोन्ही पर्याय: यांपैकी एक ठिकाण मिळालं तर जुलैत हजर होते, नाहीतर रजा संपेपर्यंत मुदत द्या. सोमवारी सकाळी मॅनेजरसाहेबांच्या हातात देते. @घटप्रभा_काठ, मोठ्या ब्रँचचं तोंडी बोलायला झोनल ऑफिसला कुणाला भेटायचं, एचआरला की थेट झोनल मॅनेजरना?

घटप्रभा_काठ:

आधी एचआरच्या चीफ मॅनेजरना. थेट वर गेलात तर खालचे दुखावतात आणि फाइल त्यांच्याच टेबलावरून जाते. युनियनच्या माणसाला बरोबर न्या, बोलू मात्र तुम्हीच. आणि अर्ज बँकेच्या पोर्टलवरही चढवा, नुसता कागद दिलात तर तो ब्रँचच्या ड्रॉवरमध्ये झोपतो.

जुना_ताळेबंद:

आणि कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय केबिनमधून उठू नका.

कॅशकाउंटर:

हो काका. नवऱ्याच्या नोकरीचा दाखला मुख्याध्यापकांचा चालतो की गटशिक्षणाधिकाऱ्यांचा लागेल?

खडूफळा:

मुख्याध्यापकांचा आजच्या आज मिळेल, तो जोडा. गटशिक्षणाधिकाऱ्यांचा मागून घ्या, पंचायत समितीत शनिवारी कुणी भेटणार नाही.