सामायिक लिनक्स सर्व्हरवर एका वापरकर्त्यामुळे सर्वांचे काम थांबू नये म्हणून कोणत्या मर्यादा घालाव्यात?

प्रश्न
आमच्या महाविद्यालयात सुमारे साठ विद्यार्थी एकाच सर्व्हरवर एसएसएचने (दुरून सुरक्षितपणे जोडणाऱ्या प्रणालीने) लॉगिन करून सी भाषेची प्रात्यक्षिके करतात. मागील आठवड्यात एकाने फोर्क (नवी प्रक्रिया निर्माण करणारी आज्ञा) चुकून अनंत लूपमध्ये लिहिला आणि काही क्षणांत प्रक्रिया इतक्या वाढल्या की रूटलाही (मुख्य प्रशासकालाही) लॉगिन करता येईना. शेवटी यंत्र बंद करून सुरू करावे लागले आणि इतरांचे न साठवलेले काम गेले. आता मी लिमिट्स डॉट कॉन्फ या मर्यादांच्या फाइलमध्ये एनप्रॉक (प्रक्रियांची कमाल संख्या) २०० केला असून मेमरीसाठी आरएसएसची (प्रत्यक्ष वापरातील रॅमची) मर्यादा घातली आहे. एवढे पुरेसे होईल का?

प्रतिसाद १
एनप्रॉक हवाच. तो वापरकर्त्याच्या सर्व सत्रांतील प्रक्रिया मिळून मोजतो आणि त्यात थ्रेडही (प्रक्रियेतील समांतर चालणारे धागे) धरतो, त्यामुळे जावा चालवणाऱ्यांना २०० कमी पडू शकतात. मर्यादा हार्ड (कमाल) ठेवा, कारण सॉफ्ट (चालू) मर्यादा विद्यार्थी स्वतःच यूलिमिट या आज्ञेने हार्डपर्यंत वाढवू शकतो. आरएसएसची ओळ मात्र काढून टाका. आजचा कर्नल तिची दखलच घेत नाही. तिच्याऐवजी एएस (प्रक्रियेच्या आभासी मेमरीची मर्यादा) वापरता येईल, पण ती मर्यादा प्रत्येक प्रक्रियेला स्वतंत्रपणे लागू होते, म्हणजे १ जीबी ठेवली तरी २०० प्रक्रिया मिळून २०० जीबी मागू शकतात.

प्रतिसाद २
नेमक्या याच कारणासाठी मेमरीची मर्यादा सीग्रुपवर (प्रक्रियांचे गट करून त्यांचा वापर मोजणाऱ्या कर्नलच्या सोयीवर) सोपवावी, असे माझे ठाम मत आहे. सिस्टमडी ही सेवा सांभाळणारी प्रणाली प्रत्येक वापरकर्त्यासाठी वेगळा स्लाइस, म्हणजे असा गट, तयार करते. त्यावर टास्क्समॅक्स (प्रक्रियांची मर्यादा) आणि मेमरीमॅक्स (मेमरीची मर्यादा) लावल्यास त्या व्यक्तीच्या सर्व प्रक्रियांची बेरीज मोजली जाते, आणि मेमरी संपली तर त्याच स्लाइसमधील प्रक्रिया मारली जाते, शेजाऱ्याची नाही. सीपीयूवरही मर्यादा घालता येते: सीपीयूकोटा २०० टक्के म्हणजे जास्तीत जास्त दोन कोअरइतका वेळ. परंतु प्रयोगशाळेत मला सीपीयूवेट (गर्दीच्या वेळी सीपीयूची वाटणी ठरवणारे प्रमाण) अधिक न्याय्य वाटते, कारण यंत्र मोकळे असताना ते कोणालाही अडवत नाही.

प्रश्नकर्ता
आत्ता लॉगिन असलेल्या विद्यार्थ्यांनाही हे लागू होईल का?

प्रतिसाद १
लिमिट्स डॉट कॉन्फ पॅमद्वारे (लॉगिनची तपासणी करणाऱ्या यंत्रणेद्वारे) लॉगिनच्या वेळी वाचली जाते, त्यामुळे त्यांना पुन्हा लॉगिन करावे लागेल. सिस्टमसीटीएल (सिस्टमडीची आज्ञा) हिच्या सेट-प्रॉपर्टीने स्लाइसवर घातलेली मर्यादा तत्काळ लागू होते. पुन्हा तसा प्रसंग आला, तर प्रक्रिया एकेक मारू नका, कारण रिकाम्या जागी लगेच नवी जन्मते. आधी त्या वापरकर्त्याच्या सर्व प्रक्रियांना स्टॉप सिग्नल द्या आणि त्या थांबल्यावर किल पाठवा.