मदत हवी आहे : लातूरची वकिली कॅनडात कशी चालवायची?

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण लातूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते, लग्नामुळे आता ओंटारिओला चाललीय. आधी एनसीएकडून (परदेशातल्या कायद्याच्या पदव्या तपासणारी तिकडची समिती) पदवीचं मूल्यमापन, मग ते नेमून देतील ते पेपर (तिकडची राज्यघटना, फौजदारी, प्रशासकीय कायदा वगैरे), पुढे ओंटारिओच्या लॉ सोसायटीच्या (वकिलीचा परवाना देणारी संस्था) बॅरिस्टर आणि सॉलिसिटर अशा दोन परीक्षा अन् आर्टिकलिंग (तिकडच्या वकिलाच्या हाताखाली उमेदवारी), एवढं कळलंय. एनसीएचे पेपर ऑनलाइन असतात, मग इथूनच उरकावेत की तिकडे एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) करावं? एजंट एलएलएमच गळ्यात मारतोय. फी ऐकून बाबांनी आधी सोयाबीनचा भाव विचारला! इथल्या वकिलीच्या अनुभवावर आर्टिकलिंगमधून सूट मिळालेलं कुणी आहे का? नांदेडच्या विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत उतारा) परस्पर तिकडे पाठवून घेतलेल्यांनीही कृपया सांगा, कुणाला भेटावं लागतं?